जयाच्या हळदीचा चौक

माझ्या सासूबाईंना, म्हणजे सोनुबाईंना, हिरूकाकीला आलेला तापसुद्धा बघवत नसे. मनाचं सांगत नाही. एका पावसाळ्यात काकीला हिवताप झाला आणि अर्धी कुंभिवली तिला बघायला लोटली. कुणी पपई आणली, कुणी बिस्किटाचा पुडा. सासूबाई ओटीवर बसून प्रत्येकाच्या हातात काय आहे ते न्याहाळत होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "जने, मागल्या साली मला एवढा खोकला झाला व्हता. कुनी आलं व्हतं का गं?"

मी म्हटलं, "आत्याबाई, खोकल्याला कोन पपई आनतं?"

त्यावरून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

हिरूकाकी त्यांची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांची भिंत एक, परस एक, विहीर एक. काकी हसायला लागली की रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला ऐकू जाईल असं हसायची. कुणाच्याही घरात शिरायची, कुणाच्याही चुलीपुढे बसायची आणि उठताना त्या घरातलं माणूस होऊन उठायची. सासूबाईंना यातलं काही जमायचं नाही. त्या कामाला वाघीण होत्या, हाताला चव होती, पण लोक त्यांना मान द्यायचे आणि काकीवर माया करायचे. हा फरक त्यांना कळायचा. सगळं दुखणं त्यातच होतं.

मानाची म्हणून एक गोष्ट मात्र निखळ त्यांची होती. चौक. आमच्याकडे नवरीला हळद लागते ती चौकावर. मांडवातली जमीन शेणानं सारवायची आणि तांदळाच्या पिठाच्या चिमटीनं तिच्यावर मोठा चौकोन काढायचा. त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. कोपऱ्यांत चंद्र, सूर्य, तुळस, पाळणा. मग मधे पाट मांडून नवरीला बसवायचं. चौकाला सूत धरायचं नाही, काठी लावायची नाही, नुसता हात. काढणारी सवाष्ण हवी, आणि हळदीच्या आधी पहिली ओटी तिची भरतात, नवरीच्या आईच्याही आधी. सासूबाईंनी हा हात माहेरून आणला होता. त्यांचं माहेर कर्जतकडे, कोंडाण्याच्या लेण्यांच्या डोंगराखाली. त्यांची रेघ अशी जायची की बघणाऱ्या बाया बोलायच्या थांबायच्या. तेवढ्या वेळापुरतं हिरूकाकीकडे कुणी बघत नसे.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. आधी म्हणाल्या धूर आहे, मग म्हणाल्या धुकं आहे, भर वैशाखात. तांदळातले खडे आमच्या दाताखाली यायला लागले तेव्हा सगळ्यांना कळलं, पण बोलायची छाती कुणाची? शेवटी एका लग्नात त्यांनी चौकातला सूर्य पार चौकोनाच्या बाहेर काढला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, त्या भांडल्या तरी असत्या. पुढच्या लग्नाला लोकांनी हिरूकाकीला बोलावलं. शिकवलं होतं तिला सासूबाईंनीच, हाताखाली कुणीतरी हवं म्हणून.

तेव्हापासून दर लग्नात सासूबाई खांबाला टेकून बसायच्या आणि मला कुजबुजत विचारायच्या, "कसा काढलाय गं?"

"बरा हाय," मी म्हणायची.

"बरा म्हंजी कसा? रेघ थरथरली असंल."

"जराशी."

थरथरलेली नसायची. पण तेवढ्या एका शब्दावर त्यांना जेवण जायचं, मग मी काय करणार?

असं चाललं असताना माझ्या जयाचं लग्न ठरलं. ही गोष्ट पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमाराची. मुलगा खोपोलीला कारखान्यात कामाला होता आणि लग्न वैशाखातलं धरलं होतं. जया आमची एकुलती एक, म्हणजे सासूबाईंचीही एकुलती नात. सुपारी फुटली त्या दिवशी सगळे गोड खात होते तेव्हा माझे सासरे नागूबाबा सहज बोलून गेले, "चौकाला हिरू हायेच."

सासूबाईंच्या हातातला लाडू तसाच राहिला.

खोपोलीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर दर हिवाळ्यात भरायचं. आधीची सगळी वर्षं आम्ही त्यांच्या विनवण्या केल्या होत्या. डोळ्याला सुरी लावून घेण्यापेक्षा आंधळी मरेन, असं त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या रात्री अंथरुणावरूनच म्हणाल्या, "जने, माजं नाव घाल शिबिराला."

"नातीचं लग्न डोळ्यांनी बघायचं हाय ना?" मी कौतुकानं विचारलं.

"नातीला बघायला डोळं कशाला लागत्यात? आवाजावरनं कळती ती. चौक मी काढनार."

पौषात आम्ही त्यांना एसटीनं खोपोलीला नेलं. शाळेतली बाकं काढून वर्गावर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांची ही रांग, प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, उजवा डोळा आत्ता करू, डावा पुढच्या वर्षी. ऑपरेशन झालं ते पाचवीच्या वर्गात. डोळ्याच्या खाली सुई टोचली तेव्हा त्यांनी जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण डॉक्टर भला माणूस, तो हसला म्हणे. मोती काढून बाहेर आणलं तेव्हा दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. हलायचं नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही. बोलणंही बेतानंच, आणि हसायचं तर मुळीच नाही, टाके तुटतील.

"हसायचं मला कायबी कारन नाय," सासूबाई म्हणाल्या.

सोबत एका बाईनं राहायचं होतं. मी राहणार होते, पण घरी म्हैस व्यायला लागली आणि रेडकू अडलं. मला परतावं लागलं आणि माझ्या जागी गेली हिरूकाकी. सासूबाईंना हे सांगताना मी दाराकडे तोंड करून सांगितलं.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते मला त्यांच्याच तोंडून कळलं, आणि पुढे कितीतरी वर्षं कळत राहिलं. काकीनं पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग आपलासा केला. पट्ट्या बांधलेले म्हातारे तिच्या आवाजाकडे कान लावून पडायचे. परिचारिका तिला मावशी म्हणायला लागली. एका आजोबांना तर काकीनं इतकं हसवलं की डॉक्टरांनी येऊन तिलाच दम भरला, आणि दम भरता भरता तेही हसले. सासूबाई मात्र वाळूच्या पिशव्यांमधे उताण्या पडून. मान वळवता येत नव्हती, ओरडता येत नव्हतं. काकी चमच्यानं पेज भरवायची तेव्हा तोंड उघडावं लागत होतं.

"लहान पोराला भरवावं तशी भरवत व्हती गं," त्या मला म्हणाल्या. "वर फुकून गार करायची. आनि ती नर्स सगळ्यांम्होरं काय बोलली, ठावं हाय? म्हनली, आजी, नशीब काढलंत, अशी जाऊ मिळाली. पट्टी नसती ना, तर एकदा बघितलं असतं मी तिच्याकडं."

"नर्सकडं का काकीकडं?"

"दोघींकडं!"

घरी आल्यावर निराळं कौतुक. चुलीचा धूर लागू द्यायचा नाही, म्हणून स्वयंपाकघर बंद. वाकायचं नाही, म्हणून झाडणं-सारवणं बंद. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. डोळ्यावर हिरव्या कापडाचा पडदा लावून त्या ओटीवर बसून राहायच्या, आणि त्यांच्याच घरात त्यांच्याच पाट्यावर हिरूकाकी मसाला वाटायची. लग्नाचे पापड, लग्नाची हळद, लग्नाचे तांदूळ, सगळ्यात काकी. सासूबाई कान देऊन ऐकायच्या. वरवंटा ओढल्याचा आवाज आला की म्हणायच्या, "मिरची भरड राहिलीय, मला हितनं कळतंय."

मधे लोक बघायला आले, अगदी पपई घेऊन आले. पण आलेला माणूस दोन शब्द त्यांच्याशी बोलून आत काकीकडे जाऊन बसायचा. आतून हसणं ऐकू यायचं आणि सासूबाई पपई मांडीवर घेऊन ओटीवर एकट्या. तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आजारपणसुद्धा त्यांच्या वाट्याला पुरतं आलं नाही.

दीड-एक महिन्यानं चष्मा मिळाला. काच कसली, बाटलीचं बूडच ते. त्यातून सासूबाईंचा डोळा केवढाला दिसायचा, जया आधी घाबरलीच. चष्मा चढवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जने, तू एवढी जाडी कवा झालीस?"

त्या काचेतून सगळंच मोठं आणि जवळ दिसायचं. कपात म्हणून चहा ओतायच्या तो बशीच्या बाहेर. उंबरा आहे त्याच्या अलीकडेच पाय उचलायच्या. हळूहळू सवय होईल, असं शिबिरातल्या माणसानं सांगितलं होतं. सासूबाईंना सवयीची घाई नव्हती, त्यांना हिरूकाकीला बघायची घाई होती. काकी परसातून धुणं घेऊन आली तशी तिला उजेडात उभी केली आणि खालपासून वरपर्यंत निरखली. मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पार म्हातारी झाली गं हिरू! किती सुरकुत्या!" इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर जयाच्या जन्माच्या वेळीही पाहिला नव्हता. नंतर त्यांनी भिंतीवरचा आरसा उतरवून हातात घेतला, क्षणभर पाहिलं, आणि काही न बोलता तो जात्यामागे ठेवून दिला.

आता गंमत पुढे आहे. फाल्गुनात शेजारच्या धोंडीच्या मुलीची हळद होती. चौक अर्थातच हिरूकाकीनं काढला. सासूबाई नवा चष्मा लावून मांडवात शिरल्या तशा बाया बाजूला झाल्या. चौकापुढे त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हिरू, ह्यो काय चौक हाय? चारी बाजू आत चेपल्यात. उंदरानं भाकरी कुरतडावी तशा."

सगळ्या वाकून बघायला लागल्या. मी बघितलं, मला तर रेघ सरळ दिसली, आणि मी तसं म्हटलंही.

"तुला काय कळतंय? डोळा डाक्टरनं मला नवा दिलाय, तुला नाय."

यावर कोण बोलणार? नवा डोळा खरंच त्यांचा होता. दोघी-तिघी माना डोलावायला लागल्या, हो, जरा चेपल्यासारखं वाटतंय खरं. हिरूकाकी रेघेकडे बघत राहिली. मग आपल्या हाताकडे बघितलं, डोळे चोळले. पहिल्यांदाच मी तिला गप्प झालेली पाहिली. वय तिचंही झालंच होतं. तिला वाटलं, आता आपलेही डोळे गेले.

"असंल बाय," ती हळूच म्हणाली. "जयाचा चौक तूच काढ."

सासूबाई त्या दिवशी धोंडीकडे दोनदा भात मागून जेवल्या. घरी येताना रस्ताभर त्यांचं तेच चाललं होतं, "सगळ्यांम्होरं म्हनली ना गं ती? सगळ्यांनी ऐकलं ना?"

जयाच्या हळदीचा दिवस उजाडला. मांडव पडला होता, अंगण सारवून सुकलं होतं. सासूबाई पिठाची ताटली घेऊन बसल्या. ताटली मी धरली होती, म्हणून पुढचं सगळं मी हातभर अंतरावरून पाहिलं आहे. पहिली चिमूट सोडायच्या आधी त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. वाकलं की नाकावरून घसरत होता. म्हणजे त्यांना धड दिसतही नव्हतं. आणि हात चालायला लागला. काय सांगू! तीच जुनी रेघ, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका श्वासात गेलेली. पहिला चौकोन पुरा झाला तेव्हा मांडवात शांतता होती, पूर्वी असायची तशी. हात कसला होता त्या बाईचा!

मग त्या मागे सरकल्या, चष्मा लावला आणि आपलं काम बघितलं. चेहराच उतरला त्यांचा. "चेपला," स्वतःशीच पुटपुटल्या आणि तळहाताच्या कडेनं एक बाजू पुसून ती बाहेरून काढली. परत मागे सरकल्या, परत बघितलं, आणखी थोडी बाहेर. मग दुसरी बाजू, मग तिसरी. बघता बघता चौकोन तव्यावरच्या भाकरीसारखा चारी बाजूंनी फुगला. मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागून हिरूकाकीनं माझा दंड असा दाबला की बांगडी रुतली.

"झ्याक झालाय बाय," काकी म्हणाली.

"झ्याक, झ्याक," बाकीच्याही म्हणाल्या, पण जमिनीकडे बघत.

सासूबाई उठल्या. कमरेवर हात ठेवून चौकावरून नजर फिरवली, मग काकीवरून फिरवली, आणि नवं लुगडं नेसायला आत गेल्या. त्यांना नेसवायला मीही आत गेले. त्या गुणगुणत होत्या.

बाहेर आलो तेव्हा जया मुंडावळ्या बांधून उभी होती, चौकावर पाट मांडला होता. सासूबाईंनी चौकाकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"कुनी हात लावला?"

मी पाहिलं, चौक सरळ होता. काठी लावून काढावा तसा सरळ.

"माजा चौक कुनी कुरतडला? हिरू, तू! तुला बघवलं नाय ना? माज्या नातीच्या हळदीत तुला बघवलं नाय!"

पाहुणे आले होते. नवऱ्याकडची हळद घेऊन आलेली माणसं मांडवाच्या तोंडाशी उभी होती. नागूबाबा "अगं, अगं" करत पुढे झाले. काकी पदराला हात पुसत खाली मान घालून उभी राहिली. त्या पदराला पीठ लागलेलं सगळ्यांना दिसत होतं. सासूबाई तिच्यावर धावूनच जायच्या, पण मधे दोरी आली. मांडव घालणारा सखा या खांबापासून त्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांसाठी सुतळी बांधत होता.

"बाजूला घे ती दोरी! आनि नीट ताण, कशी लोंबतीय बघ!"

"लोंबती कुटं, सोनुबाय? चांगली ताणलीय." सखानं बोटानं टिचकी मारली. सुतळी टणकन वाजली.

सासूबाई सुतळीकडे बघत राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी ती हातात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेल्या. हाताला ती सरळ लागत होती. परत मागे येऊन काचेतून बघितलं, तर ती लोंबतच होती. मग दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग सुताराकडून नव्यानंच आलेल्या पाटाकडे. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. त्यांचा तो काचेतला मोठा डोळा आधी चौकावर गेला, मग काकीवर. धोंडीकडच्या हळदीतलं स्वतःचं बोलणं त्यांना आठवलं असणार.

मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

"पोरीला बसवा," त्या म्हणाल्या.

जया चौकावर बसली. आता पहिली ओटी. चौक काढणारीची. मी खण, नारळ, तांदूळ घेतलेलं ताट धरून दोघींच्या मधे उभी. कुठल्या बाजूला वळू? सगळा मांडव माझ्याकडे बघत होता.

"तिची भर," सासूबाईंनी काकीकडे हनुवटी केली. हे एवढं म्हणताना त्यांचा जीव अर्धा झाला, मी शपथेवर सांगते.

काकी दोन पावलं मागे सरली. "माजी कशाला? मी चौक काढला नाय. पयली रेघ पुसलीस ना बाय तू, तिची पांढरी खूण शेनावर तशीच व्हती. मी तिच्यावरच पीठ टाकलं आनि भायेरची झाडली. रेघ तुजीच हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जने, बघती काय? भर तिची."

मी सासूबाईंची ओटी भरली. त्यांनी ती घेतली. पहिल्यांदा हळद लावायचा मानही घेतला, जयाच्या दोन्ही गालांना हळद लावली, हात जरा कानाकडे गेला तेवढंच. बाया गाऊ लागल्या, नवऱ्याकडची माणसं बसली, मगाचं भांडण मांडवातून निघून गेल्यासारखं झालं.

मी ताट ठेवायला आत गेले तेव्हा सासूबाई आधीच तिथे होत्या. काकी सरबताचे पेले भरत होती. सासूबाईंनी आपल्या ओटीतला नारळ काढला आणि काकीच्या पदरात जवळजवळ फेकलाच.

"ह्यो घे. न्हायतर जनमभर सांगत फिरशील, सोनुचा चौक मी वाचवला म्हनून."

काकीला राग आला. तिचा राग मी त्या एकाच दिवशी पाहिला. "मी कवा कुनाला काय सांगितलं गं? एवढ्या वर्सांत सांगितलं कवा? शिबिरात तुला पेज भरवली ती सांगितली का कुनाला? सांग ना!"

सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि डोळ्याला हात लावायचा नाही ही डॉक्टरांची मनाई त्या अजून पाळत होत्या, म्हणून त्यांना ते पुसताही येत नव्हते. काकीनं पुढे होऊन आपल्या पिठाच्या पदरानं गाल तेवढे टिपले. सासूबाईंनी लहान पोरासारखं तोंड पुढे केलं, आणि तशाच चिडलेल्या आवाजात म्हणाल्या, "त्येच तर म्हनतीय मी. सांगतबी नायस तू. एकदा सांगितलं असतंस, तर मला तुज्यावर धड जळता तरी आलं असतं."